येत्या हिवाळ्यात कान कुठे द्यायचा

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे ब्रिटनमध्ये घड्याळं तासभर मागे जातात आणि पाचच्या आतच दिवे लावायची वेळ येते. त्याच सुमाराला पुण्याहून भाच्याचा मेसेज येतो, "मावशी, तिकडे नवीन काय येतंय? बघण्यासारखं काही सांग." त्याला हवी असते खुनाची मालिका. पाऊस, चिखल, घरात कोणाशी न पटणारी इन्स्पेक्टरबाई आणि दर भागात एक प्रेत. तशा मालिका इथे रविवारी रात्री नऊला लागतात, चांगल्या असतात, आणि मार्च उजाडेपर्यंत त्यातल्या एकीचंही नाव माझ्या लक्षात राहत नाही. म्हणून मी त्याला दरवर्षी भलतीच यादी पाठवते. यंदा ती नीट लिहूनच काढतेय, म्हणजे पुढच्या वर्षी नुसती पुढे ढकलता येईल.

तशी ती पुढच्या वर्षीही चालेल, कारण या यादीत नवीन असं फारसं काही नाही. ब्रिटिश रेडिओ-टीव्हीवर वाट बघावी असं जे असतं ते बहुतेक दरवर्षी परत येणारं असतं, त्याच महिन्यात, पुष्कळदा त्याच मिनिटाला. बसच्या पाठीवर त्याच्या जाहिराती नसतात. आणि यादीत रेडिओ जास्त आहे, त्याला माझी आवड हे एक कारण. दुसरं रोकडं आहे. टीव्ही बघायचा तर इथे वर्षाचं लायसन्स काढावं लागतं, त्याचे दीडशे पौंडांच्या वर पैसे जातात. रेडिओचं लायसन्स मात्र १९७१ सालीच रद्द झालं. तेव्हापासून ऐकणं फुकट आहे.

पुढे काय लागणार हे आधी बघून ठेवायची इथली सवय जुनी. बीबीसी १९२२ साली सुरू झाली तेव्हा वर्तमानपत्रांना तिची धास्ती वाटली. कार्यक्रमपत्रिका छापायची तर जाहिरातीसारखे पैसे भरा, असा त्यांनी पेच टाकला. बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ हे उंचेपुरे, कडक स्कॉटिश गृहस्थ. त्यांनी स्वतःचंच साप्ताहिक काढलं. २८ सप्टेंबर १९२३ला 'रेडिओ टाइम्स'चा पहिला अंक आला. १९८८च्या नाताळ अंकाच्या एक कोटी बारा लाखांच्या आसपास प्रती खपल्या होत्या. तेव्हा त्यात फक्त बीबीसीचे कार्यक्रम असत, आयटीव्ही या खाजगी चॅनेलसाठी 'टीव्ही टाइम्स' वेगळा घ्यावा लागे. ही वाटणी १९९१ साली संपली. आज सगळं फोनवर दिसत असताना आमच्या शेजारच्या आजी नाताळचा जोडअंक आणतातच. त्यांच्या खुणा निळ्या पेनाने, आजोबांच्या लाल पेनाने. एकाच वेळेला दोन्ही रंगांचे गोल पडले की मग वाटाघाटी होतात. आजी सहसा हरत नाहीत.

माझा पहिला निळा गोल रीथ व्याख्यानांना. याच रीथसाहेबांच्या नावाने १९४८ साली ही व्याख्यानं सुरू झाली, पहिले वक्ते बर्ट्रांड रसेल. हल्ली ती बहुधा वर्षाच्या शेवटी शेवटी लागतात. एकच वक्ता, साधारण चार व्याख्यानं, बहुतेक वेळा प्रत्येक वेगळ्या शहरात, समोर श्रोते. व्याख्यान संपलं की प्रश्न. खरी मजा प्रश्नांत आहे. व्याख्याता तासन्‌तास घोटून आलेला असतो, पण तिसऱ्या रांगेतली एखादी निवृत्त शाळामास्तरीण उठते आणि त्याला असा काही साधा प्रश्न विचारते की त्याचा 'अं...' आपल्याला स्पष्ट ऐकू येतो.

भाच्याला मी २०१४ची व्याख्यानं आधी ऐकायला लावते. ते वक्ते म्हणजे डॉ. अतुल गावंडे. बोस्टनचे सर्जन, जन्म ब्रुकलिनचा, पण वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड भागातल्या उटी गावचे. चारांतलं शेवटचं व्याख्यान त्यांनी दिल्लीत दिलं. डॉक्टर का चुकतात, या पहिल्याच व्याख्यानात ते स्वतःच्या अकरा दिवसांच्या मुलाच्या हृदयाची गोष्ट सांगतात. आवाज चढवत नाहीत, रडवायचा प्रयत्न करत नाहीत. शस्त्रक्रियेची नोंद वाचून दाखवावी तशा सुरात सांगतात, आणि म्हणूनच ती गोष्ट आत जाते. पुढे वृद्धत्व आणि मरण हा विषय येतो. म्हातारपणी माणसाला सुरक्षित ठेवणं आणि त्याला हवं तसं जगू देणं यांत डॉक्टर आणि पोरं नेहमी पहिलंच का निवडतात, असा त्यांचा सवाल. आईवडील तिकडे आणि आपण इकडे, अशा माझ्यासारख्यांनी हा भाग गाडी चालवताना ऐकू नये. बाजूला घ्यावी लागते.

गावंड्यांचं नाव निघालं म्हणून आणखी एक मराठी नाव घेते, कारण ते फार कमी जणांना ठाऊक असतं. वेणू चितळे. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये जॉर्ज ऑर्वेल काम करत होता आणि त्याच्या सोबतीला ही मराठी मुलगी होती. १९४२ साली बीबीसीने मराठीतून प्रसारण सुरू केलं. १९५८ला ते थांबलं, २०१७ला बीबीसी मराठी पुन्हा सुरू झाली, ती मात्र इंटरनेटच्या जमान्यातली. १९४२चा एक फोटो प्रसिद्ध आहे. एका मायक्रोफोनभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, विल्यम एम्प्सन, ऑर्वेल वगैरे मंडळी जमली आहेत आणि त्यांच्यात वेणूताईही आहेत. पुढे १९५०मध्ये त्यांची इंग्रजी कादंबरी आली, पुण्यातल्या एका घराण्याची. लंडनवर बॉम्ब पडत असताना इथून मराठी बोललं जात होतं, हे कळल्यापासून 'बीबीसी म्हणजे साहेबाचा रेडिओ' असं मला पूर्वीइतकं सरसकट म्हणवत नाही.

दुसरा गोल २४ डिसेंबर, दुपारचे तीन, बीबीसीचं रेडिओ फोर हे स्टेशन. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधून 'नऊ पाठ आणि कॅरल', म्हणजे बायबलमधले उतारे आणि नाताळची गाणी, हा सोहळा थेट प्रक्षेपित होतो. पहिल्यांदा झाला १९१८च्या नाताळात. महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि त्याची आखणी करणारे कॉलेजचे डीन एरिक मिलनर-व्हाइट हे स्वतः आघाडीवर सैन्याचे पाद्री म्हणून राहून आलेले. रेडिओवर १९२८पासून, मध्ये १९३०चं एक वर्ष सोडलं तर अखंड. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या रंगीत काचा काढून सुरक्षित ठेवल्या होत्या. हाडं गोठवणाऱ्या थंडीतही कार्यक्रम झाला. फक्त निवेदक जागेचं नाव घेत नसे, शत्रूला कळू नये म्हणून.

यातलं एक मिनिट फार जपून ऐकण्यासारखं आहे. सुरुवातीच्या गाण्याचं पहिलं कडवं एकच मुलगा गातो, साथीला ऑर्गनसुद्धा नाही. गायकवृंदात सोळा मुलगे असतात. त्यांतल्या काही जणांची तयारी करून घेतलेली असते, पण आज कोण गाणार हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नसतं. प्रक्षेपण सुरू झाल्याचा लाल दिवा लागायच्या बेतात असताना संगीत-संचालक एकाला खूण करतो, तो पुढे येतो आणि जगभर कान लावून बसलेल्या लोकांसमोर पहिला सूर लावतो. आदल्या रात्री झोप उडू नये म्हणून ही युक्ती. आपण रेडिओपाशी असतो तेव्हा निवेदकाचं बोलणं संपतं, दगडी छताखालचा खोकला ऐकू येतो, कोणाची तरी खुर्ची करकरते, आणि मग अकरा-बारा वर्षांच्या पोराचा तो आवाज. मला त्या धर्माशी देणंघेणं नाही. पण त्या मिनिटाला मी गॅस बंद करते. पोराचं पहिलं अक्षर नीट लागेपर्यंत माझाच जीव टांगणीला लागलेला असतो.

हे सगळं जुनंपुराणं जपून ठेवलंय असं मात्र समजू नका. १९८३पासून तिथे दरवर्षी एक नवीन कॅरल मुद्दाम लिहून घेतात. काही वर्षी ते कानाला टोचतं. आजी म्हणतात, "हे काय गाणं झालं?" पण पुढच्या वर्षी नवं कोणाचं, हेही त्याच विचारतात. आणि एक सूचना. टीव्हीवर नाताळात किंग्ज कॉलेजचा जो कार्यक्रम लागतो तो वेगळा आणि आधी चित्रित केलेला. मेणबत्त्या, कमानी, छान दिसतं सगळं, पण चुकायची शक्यता नाही, त्यामुळे जीवही टांगणीला लागत नाही.

नाताळच्या दिवशी दुपारी तीनला राजाचं भाषण. ते ऐकाच असा माझा आग्रह नाही, बहुतेकदा गुळमुळीत असतं. पण पहिलं भाषण १९३२ साली पाचव्या जॉर्जने सँडरिंगहॅमहून केलं, आणि त्याचा मजकूर लिहिला होता रुडयार्ड किपलिंगने. म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेल्या माणसाने. दुपारचे तीन का, तर साम्राज्याच्या जास्तीत जास्त भागांत शॉर्टवेव्हवर ते सोयीच्या वेळी पोचावं म्हणून. साम्राज्य गेलं, तीनची वेळ राहिली. त्या वेळी इथल्या घरोघरी जेवणं उरकून लोक सोफ्यावर कलंडलेले असतात, त्यामुळे राजाला श्रोते मिळतात.

नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या दिवसांत रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेची व्याख्यानं टीव्हीवर. १८२५पासून चालू आहेत, मुलांसाठी. मायकेल फॅराडेने स्वतः एकोणीस वेळा दिली, त्यातली एका मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावरची अजून वाचली जातात. इथे व्याख्याता काय बोलतो त्यापेक्षा पोरांचे हात बघावेत. 'प्रयोगाला कोण येणार?' म्हटलं की अर्धं सभागृह बाकावरून उडतं.

'द आर्चर्स'चं काय सांगू? ही मालिका १ जानेवारी १९५१पासून देशभर रेडिओवर चालू आहे आणि शनिवार सोडला तर रोज संध्याकाळी सातला लागते. अँब्रिज नावाचं काल्पनिक खेडं, तिथली शेतं, गोठे, दारूचा गुत्ता, भांडणं. मुळात हिचा हेतू शुद्ध सरकारी. युद्धानंतर अन्नधान्य रेशनवर, शेतकऱ्यांनी उत्पादन वाढवावं, नवी खतं-औषधं वापरावीत, पण व्याख्यान ऐकणार कोण? म्हणून गोष्टीच्या पोटात माहिती भरली. आपल्याकडे दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागायचं, त्याला कोणी सासूसुनेचं कथानक जोडलं असतं तर हेच झालं असतं. आजही मालिकेला शेतीचा जाणकार सल्लागार असतो आणि गाभण मेंढीचं काय बिनसलं, हे लंडनमधल्या सोहोच्या फ्लॅटमध्ये राहणारी माणसं गंभीरपणे ऐकतात.

२२ सप्टेंबर १९५५ला ब्रिटनमध्ये पहिलं खाजगी टीव्ही चॅनेल, आयटीव्ही, सुरू व्हायचं होतं. नेमक्या त्याच संध्याकाळी आर्चर्समधली नवविवाहित ग्रेस तबेल्याच्या आगीत मेली. देश रडला, दुसऱ्या दिवशी पेपरांत आयटीव्हीऐवजी ग्रेस. बीबीसीने हे मुद्दाम केलं की काय, यावर अजून वाद घालता येतो. मला तरी शंका नाही.

तिथल्या पेगी या पात्राचं काम जून स्पेन्सर यांनी वयाच्या १०३व्या वर्षापर्यंत केलं. उषा गुप्ता नावाची भारतीय वंशाची वकीलबाई या खेड्यात राहायला आली, तेव्हा तिच्यावर वंशद्वेषी हल्ले होतात असं कथानक नव्वदच्या दशकात दाखवलं होतं. २००८मध्ये तिने तिथल्या चर्चच्या पाद्र्याशी लग्न केलं आणि खऱ्याखुऱ्या जगातल्या लोकांनी त्यावर तावातावाने मतं मांडली. माझ्या ओळखीतल्या एका गुजराती काकूंना तर ती लग्नाची बातमी शेजारच्या गल्लीतली वाटली होती. 'तिची आई काय म्हणाली असेल?' एवढाच त्यांचा प्रश्न.

या मालिकेचे आवाज कसे करतात ते कळलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते. शेताचं फाटक उघडल्याचा करकराट म्हणजे जुनं इस्त्रीचं टेबल. कोकरू जन्माला येतं तो ओला, लिबलिबीत आवाज म्हणजे ओला टॉवेल आणि दही. वसंतातला मेंढ्या विण्याचा हंगाम या मालिकेत ठरलेला. तेव्हा बर्मिंगहॅमच्या स्टुडिओत कोणीतरी पगार घेऊन टॉवेलमध्ये दही कालवत असतं.

आणि आता माझं सगळ्यात आवडतं. मध्यरात्र उलटून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली की रेडिओ फोरवर शिपिंग फोरकास्ट लागतं. समुद्रावरच्या जहाजांसाठी हवामानाचा अंदाज. आधी रोनाल्ड बिंजची 'सेलिंग बाय' नावाची झुलती धून, मग निवेदकाचा संथ आवाज. ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे ३१ भाग केले आहेत आणि त्यांची नावं ठरलेल्या क्रमाने येतात. व्हायकिंग, नॉर्थ उत्सीरा, साउथ उत्सीरा, फोर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर... असं करत घड्याळाच्या दिशेने बेटांना प्रदक्षिणा घालत शेवटी आग्नेय आइसलँड. पुढे नुसते शब्द आणि आकडे. 'नैर्ऋत्य, पाच ते सात. पाऊस. चांगलं, कधी खराब.' वारा हा शब्द म्हणत नाहीत, दृश्यमानता म्हणत नाहीत, कारण ठरावीक शब्दसंख्येत सगळा समुद्र बसवायचा असतो. आकडा वाऱ्याच्या जोराचा. 'चांगलं' म्हणजे पाच सागरी मैलांच्या पलीकडचं दिसतंय, 'खराब' म्हणजे दोन मैलांच्या आत. वादळाच्या इशाऱ्यात 'लवकरच' असं आलं की समजायचं सहा ते बारा तासांत, 'नंतर' म्हणजे बारा तासांच्या पुढे. खलाश्याला यातलं अक्षर न्‌ अक्षर कळतं. बाकीचे आम्ही अंथरुणात पडून ऐकतो. आमची होडी नाही, मला तर नीट पोहताही येत नाही.

याच्या मुळाशी एक अपघात आहे. ऑक्टोबर १८५९मध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्याशी वादळात फुटलं आणि साडेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. रॉबर्ट फिट्झरॉय हे तेव्हा हवामान खात्याचे प्रमुख. डार्विनला घेऊन गेलेल्या 'बीगल'चे ते कप्तान होते. त्यांनी हट्टाने तारायंत्रावरून वादळाचे इशारे पाठवायला १८६१ साली सुरुवात केली. अंदाज चुकले की पेपरवाले त्यांची टर उडवत. २००२मध्ये फिनिस्टेर या समुद्रभागाचं नाव बदलून त्याला फिट्झरॉय असं नाव दिलं. त्यामुळे रोज रात्री, बिस्के आणि ट्रॅफल्गारच्या नंतर, त्या माणसाचं नाव घेतलं जातं, आणि लगेच त्याच्या पाण्यात वारा कसा आहे तेही सांगतात.

उन्हाळ्यासाठी वेगळी यादी करावी लागेल. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत प्रॉम्स या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफली, रेडिओ थ्रीवर सगळ्या. आणि क्रिकेटचं 'टेस्ट मॅच स्पेशल', १९५७पासून. पाऊस पडून खेळ थांबला की समालोचक घरी जात नाहीत, श्रोत्यांनी पाठवलेल्या केकवर आणि कबुतरांवर बोलत बसतात. कित्येकांना तोच भाग खेळापेक्षा आवडतो. वाडेकरांच्या संघाने १९७१ साली ओव्हलवर सामना जिंकला तेव्हा गणेशचतुर्थी होती आणि मैदानावर चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण आणली होती. ते समालोचन जुन्या माणसांनी ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकलंय. त्यांच्याकडूनच ऐकावं.

आता भाच्यासाठी कामाचं. रेडिओ फोर भारतातून बीबीसीच्या साइटवर थेट ऐकता येतं. हिवाळ्यात आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. म्हणजे किंग्ज कॉलेजचा तो मुलगा तुझ्याकडे रात्री साडेआठला गाईल, तेव्हा कुकर लावू नकोस. अँब्रिजच्या गाई रात्री साडेबाराला, त्या तुला झेपायच्या नाहीत. शिपिंग फोरकास्ट सकाळी सहा अठराला, पहिल्या चहाबरोबर. रीथ व्याख्यानं जुनी-नवी साइटवर असतात, कधीही. टीव्हीवरचं मात्र आयप्लेअर या बीबीसीच्या ऑनलाइन सेवेवर येतं, ते भारतात चालत नाही, त्याला माझा इलाज नाही. इन्स्पेक्टरबाईंचं नाव नंतर कळवते, शेजारच्या आजींना विचारून.